आत्याचं कोंबडीखत

रँडल नाकाला रुमाल लावून ट्रॅक्टरला आडवा उभा राहिला. ट्रॅक्टरवर त्याची आत्या, व्हॉनसील. मागच्या गाड्यात तिच्या शेडमधून उपसलेलं कोंबडीखत, गवताच्या रानात फेकायला निघालेलं.

"आत्या, यंदा आपल्या रानात हे मूठभरसुद्धा पडता कामा नये. त्या वासाने गिऱ्हाईक गाडीतून खालीच उतरणार नाही."

रान निम्मं आत्याचं, निम्मं रँडलच्या वारलेल्या बापाकडून रँडलचं. रँडल हंट्सव्हिलला विमे विकायचा आणि त्याला हे रान विकून समुद्राकाठी फ्लॅट घ्यायचा होता. आत्याचा जन्म अलाबामाच्या याच डोंगरावर गेला होता. हे रान गेलं तर सकाळी उठून बघायचं कशाकडे, हे तिला खरोखरच कळत नव्हतं. पण दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणातल्या टर्कीबरोबर तोच विषय चघळून ती कंटाळली होती. शेवटी तिने पाद्र्यासमोर शब्द दिला. या उन्हाळ्यात घेणारं गिऱ्हाईक मिळालं तर सही करीन. नाही मिळालं तर हा विषय कायमचा बंद. रँडलनेही बायबलवर हात ठेवून ते कबूल केलं.

आता तो कामाला लागला होता. कुंपण पांढरं रंगवलं, फाटकाशी फुलांच्या कुंड्या मांडल्या. लग्नाची मुलगी दाखवायची असावी अशी त्याची लगबग चालली होती. खताचा वास चार दिवसांत उडतो, एक पाऊस पडला की नावालाही उरत नाही, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. पण रँडल याच वासापासून पळून शहरात गेला होता आणि तो त्याच्या नाकात कायमचा जाऊन बसला होता.

आत्याने वाद घातला नाही. "बरं बाबा, तुझ्या शब्दाबाहेर नाही," म्हणाली आणि ट्रॅक्टर वळवला. म्हातारीला अखेर अक्कल आली, असं रँडलने त्या दिवशी खानावळीत चारचौघांना सांगितलं.

शेजारचं रान हॉईट म्हाताऱ्याचं. त्यालाही ते विकून टेनेसीला लेकीकडे जायचं होतं. 'विकणे आहे' ही त्याची पाटी दोन वर्षं कुंपणावर कुजत होती. ना कोंबड्या, ना गुरं, आणि खताला पैसा सोडायचा म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. असलं हाडकुळं रान घेतंय कोण, म्हणून रँडल त्याची टर उडवायचा.

जूनमध्ये गिऱ्हाईक आलं. अटलांटाच्या मिसेस कॅलहून. त्यांना घोड्यांसाठी जागा हवी होती. रँडलने डोंगर दाखवले, पाखरं दाखवली, छाती भरून श्वास घेऊन दाखवला. बाई मात्र खाली बसल्या आणि त्यांनी गवत उपटून पाहिलं. पिवळं, किडकिडीत, मधूनमधून गुरंही तोंड लावणार नाहीत असलं तण. मग त्यांनी कुंपणापलीकडे पाहिलं. हॉईटच्या रानात कमरेएवढं गवत हिरवंकंच उभं होतं.

"हवा छान आहे तुमची," बाई रँडलला म्हणाल्या. "पण माझे घोडे हवा खात नाहीत."

तासाभरात त्यांनी हॉईटशी हात मिळवून सौदा पक्का केला. हॉईटने पाटी उपटली आणि जाता जाता रँडलला टोपी काढून नमस्कार केला.

दुसरं गिऱ्हाईक रँडलला काही मिळालं नाही. उन्हाळा संपला तेव्हा तो आत्याच्या ओसरीवर पडलेल्या चेहऱ्याने बसला होता. आत्याने त्याच्यापुढे बर्फ घातलेला गोड चहा ठेवला. त्याला हात न लावता तो हॉईटच्या नावाने बोटं मोडत राहिला. जन्मात खताला दमडी न सोडणारा तो चिकट म्हातारा, यंदाच कुठून त्याला दानत आली?

"मीच दिलं, सगळं," आत्या म्हणाली. "तू नको म्हणालास म्हणून कोंबड्या काही हगायच्या थांबल्या नव्हत्या."