हातमोजा

पाळी सुटली, की फाउंड्रीच्या गेटवर बायका आपापल्या माणसाचं अंग तपासत. मगच वॉचमन त्याच्या मानेमागचं बटण चालू करायचा. सकाळी ते बंद केलं, की मेंदूचे हुकूम मणक्यातून हातापायांपर्यंत पोचत, पण हातापायांची खबर वर जात नसे. त्यामुळे काम अडत नसे आणि दुखतही नसे. जखम बघून हबकायला नको म्हणून तपासताना माणसानं डोळे मिटायचे, अशी तिथली रीत होती.

दौलूनं डोळे मिटले. हौसानं नवऱ्याची पाठ पाहिली, पाय पाहिले आणि उजव्या हाताचा हातमोजा काढला. तळवा हाडापर्यंत भाजला होता. तिनं तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"काय गं, गप्प का झालीस?"

"काही नाही. आज बटण बंदच राहू दे. तसेच चला माझ्याबरोबर."

"का म्हणून? दिवसभर ओंडक्यासारखा वावरलोय," मिटल्या डोळ्यांनी दौलू हसला. "आता तुझा हात तरी कळू दे मला. धर बघू माझा हात, आणि सांग वॉचमनला बटण चालू करायला."

हौसानं तो हात अजून सोडला नव्हता.