पश्चिमेला गेले

वाचनालयात वर्ना लॅथ्रप खापरपणजोबांची वही वाचत होती. '१८५२, नेब्रास्का. पश्चिमेला जाताना आमची सहा वर्षांची डेल्फा पटकीने गेली. वाटेतच पुरली. कुणी उकरू नये, खूण राहू नये म्हणून वरून सगळ्या बैलगाड्या नेल्या.'

मग आयडाहोतल्या चर्चची नोंदवही, १८६४: 'सहाएक वर्षांची अनवाणी मुलगी लॅथ्रप कुटुंबाला विचारत आली. ते पश्चिमेला गेले, असं सांगितलं.'

ओरेगनचा अनाथाश्रम, १८९१: सहाच वर्षांची मुलगी, तोच प्रश्न, तेच उत्तर.

आता लॅथ्रपांपैकी एकटी वर्ना उरली होती, या समुद्रकाठच्या गावात. पुढे पश्चिमेला नुसतं पाणी.

ग्रंथपाल ओपल टेबलाशी आली. "भेटली का गं ती चिमुरडी? सकाळपासून लॅथ्रपांना विचारतेय. पाय नुसते धुळीने माखलेत."

"कुठाय ती?"

"अगं, तुझा हात धरून तर उभी आहे."