तिसरा भाग

आकाशने वडिलांच्या फोनवरून वृषालीचा नंबर लावला, तोच आबांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"आते नको. तिले वाजाडू दे."

आई जाऊन तास झाला होता. पाचोऱ्याच्या त्या दोन खोल्यांत पांढऱ्या साड्या नेसलेल्या शेजारणी दाटीवाटीने बसल्या होत्या. उशाशी मेणबत्ती लावली होती. आणि तिकडे मुंबईत सात वाजता त्याची बहीण मोठ्या वाद्यवृंदात बसून वाजवणार होती.

गेल्या शतकातल्या युद्धात कुणा परक्या माणसाने लिहिलेली सिंफनी. तिच्या तिसऱ्या भागात सगळे थांबतात आणि एकटी क्लॅरिनेट वाजते, हे वृषालीने आठवडाभर फोनवर सांगितलं होतं. क्लॅरिनेट तिला आबांनीच शिकवली. त्यांची चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये गेली होती.

"आबा, तिला कळायला हवं. निघेल तरी."

"मन्ही माय गयी तवय मी वरातमा वाजाडत होतू. बँडना मालकनी माले वरात पोचल्यावर सांगं."

"मग? माफ केलं त्याला?"

आबांनी मुंबईच्या कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण लावलं आणि फोन भिंतीला टेकवून ठेवला.

आधी नुसता कल्लोळ. पितळी वाद्यं एकमेकांवर तुटून पडत होती, नगारे सगळ्यांना तुडवत चालले होते.

"बंद करा ना ते," शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या. "घरात मयत आहे."

आबांनी आवाज कमी केला. बंद केलं नाही.

मग एकाएकी सगळं थांबलं आणि वृषाली वाजवू लागली. सूर खालून चाचपडत वर आला, कोसळला, पुन्हा उभा राहिला. आबांची बोटं गुडघ्यावर तिच्याबरोबर हलत होती. शेवटचा सूर तिने लांबवला, आणखी लांबवला. सुगंधाबाईंनी पदर तोंडाला लावला.

पुढचा भाग कधी सरला, कुणाला कळलं नाही. टाळ्या झाल्या. वृषालीला एकटीला उभं केलं. ती हसत वाकली.

थोड्या वेळाने फोन वाजला. आबांचं बोट चुकून स्पीकरवर पडलं आणि तिचा आवाज घरभर झाला.

"आबा, पाहिलं ना? कुठ्ठेच श्वास तुटला नाही माझा! आईला द्या ना फोन."

आबांनी फोन आकाशपुढे धरला.

आकाशने दोन्ही हात मागे घेतले.