दुसऱ्या हाफातली मासळी

कोसमटोल्याच्या पोरींना समोर खेळताना पहिल्यांदा कधी पाहिलं, असं कोणी डोमाला विचारलं की तो सामन्यापासून सुरुवात करत नाही. मासळीपासून करतो. आणि मासळीचं नाव निघालं की त्याचं डोकं फिरतं.

गडचिरोलीच्या जंगलातल्या त्या पोरींच्या फुटबॉल टीमवर डोमाचा भारी जीव. मुलाच्या मोबाइलवर त्यांचे सामने पाहून पाहून साऱ्या जणींची नावं त्याला तोंडपाठ झाली होती. त्याच पोरी फायनल खेळायला नागभीडजवळच्या आपल्या गावात येणार, हे कळल्यापासून त्यानं घरात दुसरा विषय निघू दिला नाही. बायको गोकुळा म्हणाली, लेकीचे सोयरे आले तवा तर एवढे नाचले नव्हते.

मैदानावर एका गोलाला शाळेची जुनी जाळी होती, दुसरा उघडाच होता. डोमानं तलावात ओढायचं आपलं मोठं जाळं आणून तिथं बांधलं, खालून विटांनी दाबलं. मासे धरणाऱ्या ढिवराच्या जाळ्यातून रोहू सुटत नाही, तिथं बॉलची काय बिशाद.

पहिला हाफ म्हणजे सुखच. कॅप्टन स्वाती मोबाइलमध्ये बोटाएवढी दिसायची. इथं ती त्याच्या पुढ्यातून धावत गेली, तर तिच्या धापा त्याला ऐकू आल्या. डोमाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही. एकाही बाजूचा गोल झाला नव्हता, पण पोरी जिंकणार हे त्याला दिसत होतं.

हाफ टाइमला भैयाजी आले. स्पर्धेचे अध्यक्ष तेच आणि मच्छीमार सोसायटीचे अध्यक्षही तेच. डोमाच्या जाळ्याला लागूनच मांडव होता आणि मांडवात सोफ्यावर चंद्रपूरहून आलेले प्रमुख पाहुणे बसले होते. साहेबांना तलावातला ताजा रोहू खायचा होता. खोल पाण्यातला मासा ओढायला मोठं जाळं लागतं, आणि ते गावात एकट्या डोमाकडं. सामना होऊ द्या, मग ओढतो, असं डोमा म्हणाला. साहेबांना लवकर परतायचं आहे, भैयाजी म्हणाले. आणि तलावात कोणाला उतरू द्यायचं हे सोसायटी ठरवते, हेही त्यांनी हसत हसत सांगितलं. डोमानं गाठी सोडल्या. पोटावरच पाय आला तर माणूस काय करणार?

दुसरा हाफ त्यानं कंबरभर पाण्यात उभं राहून ऐकला. तलावाच्या पाळीपलीकडून, मैदानावरून, एकदम मोठा गलका उठला, गोल, गोल म्हणून. डोमानं पाण्यातच दोन्ही हात वर केले, हातातला दोर सुटता सुटता राहिला. मग तो गलका विझला आणि भांडणाचे आवाज येऊ लागले.

काय झालं ते त्याला परतल्यावर कळलं. स्वातीनं मारलेला बॉल त्या उघड्या गोलातून थेट मागच्या धानाच्या बांधीत गेला होता. रेफरी लांब होता. जाळं असतं तर बॉल त्यात अडकला असता आणि सगळ्यांना दिसला असता. रेफरीनं बॉल खांबाच्या बाहेरून गेला असं सांगितलं. बरोबरी राहिली, अंधारून आलं, मग नाणं उडवून कप दुसऱ्या टीमला देऊन टाकला. नाणं उडवून! पोरी पहाटे निघून दोन बस बदलून आल्या होत्या, त्या काय छापा-काटा खेळायला?

जेवणं शाळेच्या व्हरांड्यात झाली. साहेबांना टेबल-खुर्ची, रोहूचा रस्सा. पोरी खाली पट्टीवर, त्यांना वरण-भात आणि वांगी. स्वातीनं भाताला हातही लावला नव्हता. वाढायला डोमालाच उभं केलं होतं. त्यानं साहेबांच्या ताटात डोक्याचा तुकडा घातला, तेव्हा साहेब काटा काढत भैयाजींना म्हणाले,

"बाकी गोल होता बरं का तो. माझ्या डोळ्यांसमोर खांबाच्या आतून गेला."

भैयाजी हसले. डोमाच्या हातातला डाव थांबला.

"मंग तवाच काऊन नाई बोलले जी?"

साहेबांनी वर पाहिलं. वाढणारा माणूस बोलतो, हे त्यांना नवीन असावं. पाहुण्यानं कशाला वादात पडायचं, रेफरीचा मान असतो, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. भैयाजींनी डोळे वटारले. डोमाला ते दिसले आणि पुढच्या वर्षीचा तलावही दिसला.

"आता बोला," तो म्हणाला. "रेफरी इथीच जेवून राह्यला. पोरी बी इथीच हायेत. उठा अन् साऱ्याइले सांगा, का गोल होता."

व्हरांड्यातली जेवणारी तोंडं थांबली. स्वातीनं मान वर केली.

"अरे, जेवण तर होऊ दे," साहेब म्हणाले आणि त्यांनी माशाकडं हात नेला.

डोमानं भरलेलं ताट त्यांच्या पुढून उचललं.

"झालं तुमचं जेवन."