दुसऱ्या दिवशी

"ताई, तुम्ही बाकावर कशाला? सरळ आत जा ना," कंपाउंडर म्हणाला.

"माझा नंबर आला की जाईन."

डॉक्टरांच्या लेकीनं त्यांच्याच दवाखान्यात नंबर लावल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. घरच्यांचं दुखणं जेवता जेवता ऐकायचं आणि ताटावरून उठताना गोळी सांगायची, ही डॉक्टरांची पद्धत. तिनं ताटावर पुष्कळदा सांगून पाहिलं होतं. वडिलांचं उत्तर ठरलेलं. "आई गेली, त्याचं आहे हे. मन रमव."

कोविड घरात तिघांनाही झाला होता. आई त्यात गेली. बापलेक बरे झाले, असं सगळे धरून चालले. डॉक्टरांनी संध्याकाळचा दवाखाना बंद केला तेव्हा लोक हळहळले, बाई गेल्या आणि माणूस खचला.

नंबर आला. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा काय पोरकटपणा?"

"घरी तुम्ही वडील म्हणून ऐकता. इथे डॉक्टर म्हणून ऐका."

त्यांनी बसल्या बसल्या तिची छाती तपासली, रिपोर्ट चाळले. "सगळं नॉर्मल आहे. दुःखाला औषध नसतं, बाळा. रोज सकाळी फिरायला जात जा."

"गेले होते. मग आठवडाभर आडवी होते." तिचा आवाज चढला नाही. "आई आठवली की मी रडते, बाबा. ते दुःख मला कळतं. पण आज कपाट आवरलं, तर उद्या केस विंचरायला हात उचलत नाहीत. बोलता बोलता शब्द हरवतात. हे आईच्या नावावर खपवू देणार नाही मी. नीट तपासा, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी द्या. त्याशिवाय उठणार नाही."

बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं. डॉक्टरांनी उचललेलं पेन खाली ठेवलं.

"त्याच दिवशी नाही येत थकवा? दुसऱ्या दिवशी येतो?"

"दुसऱ्या दिवशी. आणि झोपूनही जात नाही."

 डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी मी दार लावून पडतो ना, ते तुझ्या आईसाठी रडायला नाही गं. शनिवारी गर्दी झाली, की मला उठताच येत नाही."