परदेशी बुवांचं पुस्तक

धागा पुन्हा तुटला.

श्यामरावांचा पाय मागाच्या पावडीवरच थांबला. हातातल्या धोट्यातून कोशाच्या रेशमाचं तुटकं टोक लोंबत होतं. माजघरात तांदूळ निवडणाऱ्या सत्यवतीचे हातही थांबले.

पूर्वी असं झालं की मोहाडीच्या त्या अख्ख्या गल्लीला श्यामरावांच्या ओरडण्यावरून कळायचं. आता त्यांनी डोळे मिटून एक श्वास घेतला, टोक शोधलं आणि सांधलं.

"गाठ कच्ची राहिली वं," ते म्हणाले. "कांडीवर धागा भरताना जरा पाहत जा."

"बारीक दिसत नाही जी आता."

"भंडाऱ्याले डोळ्याच्या डॉक्टरकडे चाल म्हणतो, त ऐकत नाहीस."

"कीर्तन कानानं ऐकते मी. डोळे कायले पाहिजेत?" सत्यवतीनं तांदळातला खडा उचलून अंगणात टाकला. "त्या पुस्तकाची दोन पानं वाचा ना. आज लेक येऊन राहिली."

लेक येणार, म्हणूनच श्यामरावांचा हात सकाळपासून जड झाला होता.

दामिनीनं आपल्या पसंतीनं लग्न केलं होतं. जावई कुंदन आमगावचा, म्हणजे भंडाऱ्यातून फुटून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यातला, वायरिंगचं काम करणारा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा सहज बोलून गेला, "मामाजी, हा माग विकून टाका ना आता." श्यामरावांनी हातातला धोटा फेकला. कुंदनच्या कपाळाला खोक पडली. दामिनी जाताना उंबऱ्यातून म्हणाली होती, "तुमचा राग घरात असेपर्यंत मी या घरात येणार नाही, बाबा."

"नको येऊ! जिल्हाही वेगळा झाला, आता मनही वेगळंच राहू दे!" श्यामराव तिच्या पाठीमागे ओरडले होते. ते वाक्य नंतर त्यांनाच झोपू देईना.

डोळे अधू झाले, असं सत्यवती त्याच सुमारास सांगू लागली. लेकीसाठी रडून रडूनच ते गेले, असं श्यामरावांनी मनाशी धरलं. ते कुणापाशी बोलत नसत.

पुढे राममंदिरात सप्ताह बसला. कीर्तनकार बुवांनी पूर्वरंगात समुद्रापलीकडच्या दोघांची गोष्ट सांगितली. फार जुन्या काळी एक गुलाम होता आणि एक बादशहा. शिकवण मात्र दोघांची एकच. जग काय करेल ते आपल्या हाती नाही, आपण काय करू तेवढं आपल्या हाती. आपल्या संतांनी हेच टाळ-मृदंगावर सांगितलं, असं म्हणत बुवांनी झांज वाजवली आणि अख्खा मंडप डोलला. कीर्तन संपल्यावर सत्यवती बुवांच्या पाया पडली आणि त्या दोघा परदेशी बुवांच्या विचारांचं मराठी पुस्तक मागून घरी घेऊन आली.

"मले त अक्षर दिसत नाही. तुमीच वाचून दाखवा."

श्यामराव बायकोसाठी वाचू लागले. सुरुवातीला कुरकुरत. "बादशहाले काय होते सांगाले? त्यानं कधी माग चालवला का?"

"तो गुलाम त होता ना कष्टाचा. वाचा पुढे."

पुस्तक संपलं तेव्हा ते ठेवून द्यायला उठले, तर सत्यवती म्हणाली, "रामकथा कोणी एकदाच ऐकते का जी? पुन्हा लावा पहिल्यापासून."

तेव्हापासून पुस्तक पुन्हा पुन्हा लागत होतं. सकाळी धागा तुटायचा, आणि आदल्या दिवशी वाचलेलं पान श्यामरावांना आठवायचं. कधी आठवायचं नाही, तेव्हा ते ओरडायचे, मग ओशाळून तेच पान पुन्हा काढायचे. हळूहळू ओरडणं कमी झालं. सत्यवतीनंच तसा निरोप धाडला होता, म्हणून दामिनी एका जेवणापुरती येणार होती.

ऑटो दारात थांबला. दामिनीच्या कडेवर गुटगुटीत पोरगी होती. मागे कुंदन. कपाळावरचा व्रण अजून दिसत होता.

"या," श्यामराव म्हणाले.

कुंदन इकडेतिकडे पाहत म्हणाला, "माग चालूच आहे का मामाजी? मले वाटलं, विकला असन."

दामिनीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं जीभ चावली. तेवढ्यात तिच्या कडेवरची पोर पुढे झुकली आणि मागावरचे ताणलेले धागे तिनं मुठीत धरून ओढले.

तटतट आवाज झाला. महिनाभर विणत आलेल्या साडीच्या ऐन काठावरचे धागे तुटले.

श्यामरावांचा हात धोट्यावर होता. दामिनीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि एक पाऊल दाराकडे टाकलं.

श्यामरावांनी धोटा उचलला. डोळे मिटून एक श्वास घेतला. मग तो कुंदनपुढे केला.

"धरा जावईबापू. मी धागे सांधतो." मग पोरीकडे पाहून म्हणाले, "हात त कोष्ट्याचाच आहे इचा. बरोबर काठच धरला."

दामिनी आधी हसली आणि मग तिथेच बसून रडली. एका जेवणापुरती आलेली लेक दिवसभर राहिली, आणि सांज झाली तशी "आज राहतो" म्हणाली. श्यामराव कुंदनला घेऊन राममंदिराकडे गेले. जाताना नात त्यांच्या खांद्यावर होती.

माजघरात अंधारून आलं होतं. पोरीच्या झबल्याचं बटण तुटलेलं.

"दे इकडे," सत्यवती म्हणाली.

"तुले कुठं दिसते माय? थांब, दिवा लावते."

"राहू दे."

सत्यवतीनं सुई घेतली आणि बोलता बोलता पहिल्याच खेपेत दोरा ओवला. बटण लावून झालं. मग उद्यासाठी भरून ठेवलेल्या कांड्यांची टोपली तिनं पुढ्यात ओढली आणि त्या अंधारातच, एकेक कांडी उलगडत, आपणच मुद्दाम मारलेली कच्ची गाठ शोधून ती पक्की करू लागली.