भुऱ्याची लस

सुट्टी लागली की मुलगा न चुकता वडिलांना फोन करायचा. "बाबा, या ना चार दिवस राहायला."

"आलो असतो रे, पण भुऱ्याची लस राहिलीये. लशीशिवाय ते बोर्डिंगवाले कुत्र्याला दारात उभं करत नाहीत. आणि त्याला एकट्याला टाकून कसा येऊ?"

"हो, नियमाला पक्के असतात ते. बरं, मग पुढच्या सुट्टीत बघू. लस तेवढी उरकून घ्या."

"घेतो, घेतो."

फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, "लस राहिलीये म्हणे."

तिने नुसतं "बरं" म्हटलं. पाहुण्यांची गादी तिने माळ्यावरून काढलीच नव्हती.



भुऱ्या मागच्या उन्हाळ्यातच गेल्याचं बाबांच्या शेजारणीने त्या दोघांना केव्हाच कळवलं होतं.